मेणावरचं पांढरं

आबा,

परवा तुमच्या दुकानात मी तुमच्या मुलाशी भांडले. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना भांडले आणि तुमचं नाव घेऊन भांडले, म्हणून तुम्हाला सांगणं भाग आहे. मी तुमच्याशी अशा पुस्तकी भाषेत कधी बोलले नाही, आपल्या घरात सगळं अहिराणीतच चालायचं. पण लिहायला बसलं की माझा हात आता याच भाषेत चालतो, आणि त्याला तुमचे जावई जबाबदार आहेत. ते एरंडोलच्या वाचनालयात शिपाई होते. शिवण सुटलेली पुस्तकं ते घरी आणायचे आणि मी ती पुन्हा शिवायचे. शिवताना पान उघडं पडलं की मी वाचायचे. मला कोणी वाचायला बसवलं नाही, शिवायलाच बसवलं होतं. ते पुस्तकाचं एक टोक धरायचे आणि मी दोरा ओढायचे. ते गेल्याला बरीच वर्षं झाली, पण अजून जाड पुस्तक मांडीवर घेतलं की पलीकडून कोणीतरी धरेल म्हणून मी क्षणभर थांबते. मग दोन पायांत धरून शिवते.

पण आज मी त्यांच्याविषयी लिहायला बसले नाही. मला मेणाविषयी बोलायचं आहे.

धुळ्याचं दुकान म्हणजे पुढे एक खोली आणि मागे आपलं घर. पुढे तुम्ही खोगीर, लगाम, बैलांचे पट्टे शिवायचे आणि मागे स्वयंपाकघरात आई मेण करायची. सातपुड्याच्या बाजूने आलेली मधमाश्यांची पोळी ती गरम पाण्यात टाकायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि पातेलं झाकून ठेवून द्यायची. सकाळी पाण्यावर पिवळी चकती तरंगत असायची. त्या दिवशी भाकरीलाही मधाचा वास यायचा. चकती पुन्हा वितळवून त्यात राळ टाकून तुमच्यासाठी गोळा व्हायचा, आणि उरलेल्या मेणात तेल घालून आई जाड कापडाला चोपडायची. ते आपलं मेणकापड. पावसाळ्यात तयार लगाम त्यात गुंडाळले जायचे, आणि भाऊ तान्हा होता तेव्हा त्याच्या गोधडीखाली तेच असायचं. आता एरंडोलच्या बाजारात मेणकापड मागितलं तर प्लास्टिक काढून देतात. त्यात मेण कुठे आहे असं मी एकदा विचारलं, तर दुकानदार म्हणाला, मावशी, नाव आहे ते.

दोऱ्याला मेण लावायचं काम माझं होतं. सुताचे पदर एकत्र पिळायचे, एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचं आणि दोरा गोळ्यावरून जोरात ओढायचा. ओढून ओढून दोरा गरम होतो, मेण आत शिरतं, आणि दोरा बारीक आवाजात गाऊ लागतो. तुम्ही मान वर न करता त्या आवाजावरून सांगायचे, अजून एकदा ओढ, किंवा बास. मेणाचा दोरा भोकात घट्ट बसतो, पाणी आत जात नाही, आणि एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. हे तुम्ही मला शिकवलंत. भाऊ लहान होता, तुमच्या शेजारी बसायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून शिकवलंत. मग एका पावसाळ्यात तुम्ही माझ्या हातात आरी दिली. भोक पाडायचं, एक सुई इकडून घालायची आणि दुसरी तिकडून, आणि दोन्ही हात एकदम बाहेर ओढायचे. मला ते आलं. तुम्ही माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवलात आणि पुढचा पट्टा माझ्याकडे सरकवलात. आबा, त्या सरकवलेल्या पट्ट्यावर मी किती महिने आनंदात होते, हे तुम्हाला कधी कळलं नसेल.

आणि मग तो थंडीतला दिवस. घोडेबाजार तोंडावर आला आहे. दुकानात एक घोडेवाला बसला आहे, मोठा माणूस, मोठं गिऱ्हाईक. मी पाटावर आहे, लगामाची शिवण माझ्या मांडीवर आहे. तुम्ही मेणाचा डबा उघडता आणि गोळ्यावर पांढरं आलेलं असतं, पिठूळ, बुरशीसारखं, पण बुरशी नव्हे. घोडेवाला वाकून बघतो आणि म्हणतो, मेणात चरबी मिसळता की काय? तुमचा चेहरा उतरतो. आपल्या दुकानाचं सगळं नाव त्या मेणावर होतं. तुम्ही माझ्याकडे वळता आणि विचारता, "तू मेनले हात लावा का?"

मेणाला रोजच माझा हात लागत होता. पण तुमच्या प्रश्नाचा अर्थ आम्हाला तिघांनाही कळला. बाहेर बसलेल्या बाईचा हात लागला की मेण बाटतं, त्यावर पांढरं येतं, असं आपल्यात म्हणायचे. त्या चार दिवसांत मी डब्याच्या आसपासही फिरकत नव्हते. परक्या पुरुषासमोर मला सांगावं लागलं, की आबा, मी बाहेरची नाही, माझं होऊन गेलं. घोडेवाला छताकडे बघत होता. तुम्ही म्हणालात, मग हे कसं आलं? आणि मग म्हणालात, "ऊठ."

मी उठले. पाट धुतला गेला. आई चुलीपाशी होती, तिला माझ्या तारखा ठाऊक होत्या. तिने मला कळण्याची भाकरी वाढली, वर ठेचा ठेवला आणि म्हणाली, जाऊ दे. मी जाऊ दिलं. ती अर्धी राहिलेली शिवण तुम्ही पूर्ण केलीत, घोडेवाला लगाम घेऊन गेला आणि मी पुन्हा त्या पाटावर बसले नाही. दोऱ्याला मेण लावायलासुद्धा नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

तुम्ही अंथरुणाला खिळला होतात तेव्हा मी भेटायला आले होते. उशाखालून तुम्ही मेणकापडाची एक पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात दिली. आत मेणाचा गोळा होता, माझ्याच दोऱ्यांनी चरे पडलेला जुना गोळा. तुम्ही एवढंच म्हणालात, "ठेव. तुले कामले येई." मला राग आला होता, आबा. मला वाटलं, माझ्या हातानं बाटलेलं ते माझ्याच पदरात टाकलं, आता दुकानात चोख मेण राहील. भावाला दुकान, आऱ्या, साचे, आणि मला बाटलेला गोळा. तरी तो मी फेकला नाही, कारण पुस्तकं शिवताना मेणबत्तीवर घासलेला दोरा मला फार तुटत होता. मेणबत्तीत मेण नसतं, हेही मला तेव्हाच कळलं. तुमच्या मेणाने मी किती पुस्तकं शिवली, गोधड्या शिवल्या, यांच्या कोटाची बटणं लावली. एकही निघालं नाही. शेवटी त्यांच्या अंगावरून कोट काढला, तेव्हासुद्धा बटणं जागच्या जागी होती.

ते गेल्यावर मी बराच काळ काही शिवलं नाही. गोळा कपाटात डब्यात पडून होता. एका थंडीत काढला तर त्यावर तेच पांढरं. मी डबा हातात धरून खाली बसले. घरात मी एकटी. कपाटाची किल्ली माझ्याकडे. माझी पाळी जाऊन वर्षं लोटली होती. मी गोळा उचलून दारातल्या उन्हात धरला, आणि ते पांढरं बघता बघता विरघळून गेलं. खाली तोच पिवळा रंग, तोच वास. काही दिवसांनी पुन्हा आलं, पुन्हा उन्हात धरलं, पुन्हा गेलं. नंतर मधमाश्यांवरच्या एका जुन्या पुस्तकात मला ते लिहिलेलंही सापडलं, की अस्सल मेणावर थंडीत असा पांढरा थर येतोच, तो चांगल्या मेणाची खूण आहे. पण ते वाचायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. तुमचं मेण चोख होतं, आबा. त्या घोडेवाल्याला एवढंच सांगायचं होतं. तुम्ही त्याला माझं नाव सांगितलंत.

तेव्हा मला राग आला होता, पण तो राग मी मोजूनमापून ठेवला. मी स्वतःला समजावलं की तुम्हाला माहीत नव्हतं. बापाला माहीत नसताना त्याच्यावर किती चिडायचं? तुमचे जावई असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. ते माणसाला नेहमी संशयाचा फायदा द्यायचे, पुस्तक फाडून आणणाऱ्या पोरालासुद्धा.

आता परवाचं सांगते. भावाच्या हातांना कंप सुटला आहे, म्हणून त्याला बघायला मी धुळ्याला गेले होते. तुम्हाला त्याचं दुकान ओळखू येणार नाही. बैलांचे पट्टे कमी झाले. आता नवरदेवाच्या घोडीचा साज असतो, कमरेचे पट्टे असतात आणि पर्सेस, ज्या फोनवर फोटो टाकून विकल्या जातात. हे सगळं तुमची नातसून करते. पारोळ्याची मुलगी आहे, बोलायला तिखट, हाताला नीट. तिचा नवरा ट्रकवर असतो, महिन्यातले थोडेच दिवस घरी. भावाला आता सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणजे दुकान तिच्याच हातांवर उभं आहे. दोन सुयांचा टाका तिने भावाकडे बघून उचलला. मी तिच्या एका पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि माझाच अंगठा बघून मला कसंतरी झालं. तो तुमच्यासारखा फिरला.

दुकानात घोडीवाले चाचा बसले होते. लग्नसराईसाठी लगाम नवा करायला टाकला होता, तो न्यायला आले होते. थोडी शिवण बाकी होती. सून पाटावर बसून शिवत होती, मी बाजूला चहा घेत होते. भावाने तिला द्यायला मेणाचा डबा उघडला. थंडी होतीच. गोळ्यावर पांढरं. आणि भाऊ तिच्याकडे वळून म्हणाला, "मेनले हात लावा का तू?"

आबा, तेच शब्द आणि तोच आवाज. त्याच्या तोंडातून तुम्ही बोललात. सुनेने दोन्ही सुया खाली ठेवल्या. तिचा चेहरा मी पाहिला नाही, मला बघवला नसता. भाऊ म्हणत होता, आजपासून पाटावर बसू नको, घरातलं बघ, मी शिवणारा माणूस ठेवतो. माणूस ठेवतो म्हणे. ज्याला आपल्या सदऱ्याचं बटण लावता येत नाही तो माणूस ठेवणार होता, आणि जिच्या हाताने घर खातं ती भाकरी थापायला मागे जाणार होती. ती उठत होती. पदर सावरून, खाली बघून, मी उठले होते अगदी तशी.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. माझ्या पिशवीत गोधडीचं काम होतं, त्याच्यासोबत तुमचा गोळा होता. मी मेणकापड सोडलं आणि गोळा भावाच्या डब्याशेजारी ठेवला. त्यावरही पांढरं होतं, त्याच्यापेक्षा जास्तच. मी म्हणाले, "हाई मन्हं मेन शे. घरमा मी एकलीच ऱ्हास. मन्ही पाळी जाईसन कितला वरीस व्हयनात. आते सांग भाऊ, हाई कोनी बाटाडं?"

भाऊ एका गोळ्याकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. मग चाचा गालातल्या गालात हसत म्हणाले, "भाऊ, मेरी घोडी को भी पूछ लो. वो भी औरतजात है." सुनेने तोंडाला पदर लावला. भाऊ चिडून म्हणाला, अक्का, आबा सांगायचे ते काय खोटं होतं? आणि मी म्हणाले, हो, खोटं होतं. गिऱ्हाइकासमोर म्हणाले. तुम्ही मला गिऱ्हाइकासमोरच उठवलं होतं, म्हणून मीही तुम्हाला तिथेच खोटं म्हटलं. दोन्ही गोळे दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवले आणि सगळ्यांना बघायला लावलं. पांढरं गेलं. चाचांनी गोळा नाकाशी धरला, परत ठेवला आणि सुनेला म्हणाले, बेटी, टाके पूरे करो, मुझे लगाम पक्की चाहिए. ती पुन्हा शिवायला बसली.

माझं भांडण इथे संपायला हवं होतं. मी जिंकले होते. पण भाऊ उठून मागे गेला, म्हणून मी त्याच्यामागे गेले. तो मोरीपाशी हात धूत उभा होता, धुवायचे काही नव्हते तरी. मी त्याला म्हटलं, तुझ्यावर नाही रे माझा राग, आबांना तरी कुठे माहीत होतं? त्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दर हिवायामा येयेच ते, अक्का. आबा पुशी टाकेत."

पुशी टाकेत. दर हिवाळ्यात ते यायचंच, आणि तुम्ही पुसून टाकायचे. मी त्याला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, मी सासरी गेल्यावर पुढच्याच थंडीत पांढरं आलं होतं. तुम्ही डबा उघडलात, बघत बसलात, मग फडक्याने गोळा पुसलात. नंतर भाऊ मोठा झाल्यावर त्याला कामाला लावलंत, की थंडीत सकाळी दुकान उघडलं की आधी मेण पुसायचं, गिऱ्हाईक यायच्या आत. तुमच्यामागेही तो अनेक वर्षं पुसत राहिला. आता हात थरथरतात म्हणून राहून गेलं. मग तिला का बोललास, मी विचारलं. तो म्हणाला, कळलं नाही, तोंडातून गेलं. मला वाटतं, त्याच्या हातात काही राहिलं नाही आणि तिच्या हातात सगळं आलं, म्हणून गेलं. पण ते त्याचं त्याला बघू द्या. मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आबा, मी घरात नव्हते. आईचंही तोपर्यंत सगळं थांबलं असणार. घरात कोणी बाटवणारं उरलं नव्हतं आणि तरी पांढरं आलं. त्या सकाळी तुम्ही कोणाकडे वळून विचारलंत? एक पोस्टकार्ड टाकता आलं असतं. तुम्हाला लिहिता येत नव्हतं तर भावाकडून लिहून घेता आलं असतं, तो शाळेत जात होता. मी माहेरपणाला येत होते, पुढच्या खोलीतून चालत मागे जात होते, पाटाला पाय लागू नये म्हणून अंग चोरून जात होते. तुम्ही बघत होता. "बस" एवढा एकच शब्द म्हणायचा होता. "ऊठ" म्हणताना तुम्हाला काही कठीण गेलं नव्हतं.

मग शेवटी उशाखालून गोळा काढून दिलात. आता मला कळतं की तो कशासाठी दिला असेल. पण ते मला पुरत नाही. चारचौघांत उठवलंत आणि गुपचूप दिलंत. उठवायला शब्द होते, द्यायला नव्हते. मी इतकी वर्षं तो गोळा अपमान म्हणून जपला, आणि तुम्ही कदाचित माफी म्हणून दिला होता. असं कसं द्यायचं असतं, आबा, की घेणाऱ्याला कळूच नये? आणि अजून एक प्रश्न मला परवापासून सोडत नाही. तुम्हाला हे मी गेल्यावर कळलं, की घोडेवाला वाकून बघत होता तेव्हाच ठाऊक होतं? तुम्ही लहानपणापासून मेणात वावरलेला माणूस. याचं उत्तर भावाजवळ नाही, आणि तुमच्याजवळ होतं ते तुम्ही घेऊन गेलात.

काल रागाच्या भरात मी सगळं ठरवून टाकलं होतं, की हे त्या सुनेला सांगायचं, तिच्या मुलींना सांगायचं, घरात कोणाला तुमच्या फोटोला हार घालावासा वाटला तर घालण्याआधी सांगायचं. निघायच्या वेळी ती मला बसस्टँडवर सोडायला आली. गाडीत तिने खिडकीजवळची जागा धरून दिली, पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि खाली उतरून खिडकीखाली उभी राहिली. भाऊ मागे जे बोलला ते तिने ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "आत्या, मोठा आबास्ले माहीत नव्हतं का?"

मी म्हणाले, "नही व माय. तवय कोनलेच माहीत नव्हतं."

गाडी सुटली. पारोळा येईपर्यंत मी गोळा मांडीवर घेऊन बसले होते. हे पत्र त्याच्याच मेणकापडात ठेवते, पाठवायला दुसरी जागा नाही. माझा राग आहे तसाच आहे, तो कमी झाला असं समजू नका. फक्त एवढं कबूल करते, की तिने विचारलं तेव्हा तुमचंच फडकं माझ्या हातात होतं, आणि मी पुसून टाकलं.